बीव्हरबरोबर नाश्ता

नाशिकहून थोरल्या बहिणीचा फोन आला, की तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "अगं मंगल, पण तू तिथे करतेस तरी काय?" मी सांगायचे, "लहान मुलांनी कोणत्या जनावराबरोबर जेवावं, ते मी ठरवते." मग ती म्हणायची, "बरं, तब्येत कशी आहे?"

मी खोटं सांगत नव्हते. टोरोंटोच्या उत्तरेला, एटोबिकोतल्या आमच्या घरापासून बसने तासाभरावर, एक थीम पार्क आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते तिथल्या सगळ्यांनाच आवडेल असं नाही. मे ते ऑक्टोबर उघडं, उरलेलं वर्ष बर्फाखाली. तिथे उंच पाळणे होते, पोटात गोळा आणणाऱ्या गाड्या होत्या आणि एक रेस्टॉरंट होतं. तिथे तुम्ही जेवायला बसलात की माणसाएवढी जनावरं तुमच्या टेबलाशी यायची, मुलांना मिठी मारायची आणि फोटोला उभी राहायची. याला कॅरेक्टर डायनिंग म्हणतात. दोन हजार सालानंतरचे अकरा सीझन मी त्याच्या बुकिंग काउंटरवर काढले. त्याआधी वीस वर्षं कल्याणला महापालिकेत खिडकीच्या आत बसले होते. खिडकीच्या आत बसणाऱ्याला बाहेरचा प्रत्येक माणूस थोडा मूर्ख वाटतो. माझी ती खोड कॅनडात येऊनही गेली नाही, उलट इथे तिला चांगलं खतपाणी मिळालं.

आता हे जेवण निवडायचं म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडे तीन प्रकार होते. सकाळचा बुफे नाश्ता, त्यात मोठा बीव्हर, मूस आणि रॅकून. हे तिघेही अंगभर केसाळ कातड्यात आणि डोक्यावर टोपलीएवढं डोकं. दुपारच्या जेवणाला फक्त रॅकून, तो आकाराने बेताचा. आणि चार वाजताचा चहा, त्यात दोन राजकन्या आणि एक गमत्या आचारी. हे तिघे स्वतःच्या चेहऱ्याने वावरायचे आणि बोलायचे. केसाळ जनावरांना आम्ही 'फर' म्हणायचो आणि चेहरेवाल्यांना 'फेस'. फरवाल्यांना दोन नियम. पाहुण्यांसमोर डोकं काढायचं नाही आणि एक अक्षरही बोलायचं नाही. शिंक आली तरी मुक्याने शिंकायचं. दोन्हींपैकी एक नियम मोडला की त्याच दिवशी लॉकरची किल्ली परत. जिवावर बेतलं असेल तर तेवढी सूट होती, पण ते कागदावर सिद्ध करावं लागायचं.

बीव्हर न पाहिलेल्यांसाठी सांगते. घुशीला कुत्र्याएवढी करा, तिचे पुढचे दात बाहेर काढा आणि मागे उलथन्यासारखी चपटी शेपटी लावा. हे कॅनडाचं राष्ट्रीय जनावर. आमचा बीव्हर दोन पायांवर चालायचा, डोक्यासकट सहा फूट भरायचा आणि लाल जाकीट घालायचा. मूस म्हणजे इथलं थोराड सांबर आणि रॅकून म्हणजे डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेलं मांजराएवढं जनावर.

निवडीचं शास्त्र सोपं होतं. दीड वर्षाच्या आतल्या मुलाला कुठेही बसवा, त्याला काही कळत नसतं आणि त्याच्या आईबापांनाही. दीड ते साडेतीन हे धोक्याचं वय. त्यांना राजकन्यांचा चहा द्यावा, फार तर रॅकूनचं जेवण, तेही शेवटच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. म्हणजे जनावर आधी दहा टेबलं फिरताना दिसतं आणि ते कुणाला खात नाही हे मुलाच्या लक्षात येतं. चार ते सहा वयाला बीव्हर चालतो. सात वर्षांची मुलं त्याच्या पाठीवरची चेन शोधायला लागतात, त्यांना पिझ्झा द्यावा आणि पाळण्यात बसवावं. हे सगळं मी रोज शंभरदा सांगायचे आणि आईबाप ऐकतील तर शपथ. त्यांना बीव्हरच हवा असायचा, कारण तो फोटोत मोठा दिसतो. "आमचा अद्वैत कशालाच घाबरत नाही," असं ज्या घरातून ऐकू यायचं, त्या घरचा अद्वैत पंधरा मिनिटांत टेबलाखाली सापडायचा आणि बाप त्याला पायाला धरून ओढत असायचा.

गोरे लोक मूर्खपणा नीट रांगेत उभे राहून करायचे. आपले लोक माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचायचे आणि मग काउंटरवर कोपर टेकायचे. "अय्या, तुम्ही मराठी? मग आम्हाला जरा चांगलं टेबल बघा ना." चांगलं टेबल म्हणजे दाराजवळचं, जिथे जनावर आत शिरताच पहिल्यांदा येतं. म्हणजे धोक्याच्या वयाला सगळ्यात वाईट. पण मराठी माणसाला पहिल्या रांगेचं वेड असतं, मग ते नाटक असो की जनावर.

एका बाईने मुलीच्या वाढदिवसाला पर्समधून निरांजन काढलं. मुलीला ओवाळून झालं, तेवढ्यात मूस टेबलाशी आला. बाईंना वाटलं, पाहुणा आलाय, त्यालाही ओवाळावं. मूसचं कातडं नायलॉनचं आणि शिंगं फोमची. आत न्यूफाउंडलंडकडचा एक आडदांड माणूस होता, त्याने पेटती वात नाकाशी येताना पाहिली आणि मुक्याने मागच्या मागे अशी उडी मारली की पॅनकेकचं अख्खं टेबल कोसळलं. आमचा मॅनेजर क्रेग धावत आला. त्याला औक्षण म्हणजे काय ते मी समजावलं. तो गंभीरपणे म्हणाला, "सो शी वॉज ब्लेसिंग द मूस." मी हो म्हटलं. पुढच्या सीझनपासून काउंटरवर 'मेणबत्ती व तत्सम' अशी बंदीची पाटी लागली, ती अजून आहे म्हणतात.

क्रेगबद्दलही थोडं सांगायला हवं. 'मॅजिक' या शब्दाशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. दर सोमवारी तो आम्हाला उभं करून सांगायचा, की आपण जेवण विकत नाही, मॅजिक विकतो. त्या मॅजिकमधले स्क्रॅम्बल्ड एग्ज पावडरीचे असायचे.

या सगळ्यात अक्कल असलेलं माणूस एकच होतं आणि ते बीव्हरच्या आत होतं. फ्लोरा तिचं नाव. अलिबागकडची मराठी ज्यू, ठाण्यात अठरा वर्षं बालवाडी चालवलेली. इथे आल्यावर तिच्या बालवाडीच्या सर्टिफिकेटला कुणी विचारलं नाही. पण उंची सव्वापाच फुटांच्या आत आणि मुलांशी वागायची हातोटी, एवढ्यावर तिला बीव्हर मिळाला. पन्नाशीची बाई जुलैच्या उन्हात वीस-वीस मिनिटं त्या कातड्यात राहायची, बाहेर आली की घामाने निथळत माझ्या शेजारी बसून सोलकढीचा थर्मास उघडायची. ती डाव्या बाजूनेच चावायची. उजवीकडचे दोन दात तीन वर्षं मोडलेले होते आणि इथे दातांचा डॉक्टर म्हणजे गरिबाचं काम नव्हे. तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. फरवाल्यांना शिकवणाऱ्या ट्रेनरची जागा. ती बारमाही होती, तिच्याबरोबर बेनिफिट्स मिळायचे, म्हणजे विमा, म्हणजे दात. सहावा सीझन पुरा झाला की ती फ्लोरालाच मिळणार, हे क्रेगने तिला तोंडी सांगून टाकलं होतं.

फ्लोरामुळेच मला या धंद्यातली खरी गोष्ट कळली. वॉटर्लूहून एक नागपूरकर जोडपं आलं होतं. अडीच वर्षांचा मुलगा, त्याला त्यांनी हट्टाने बीव्हरच्या नाश्त्याला बसवलं. बीव्हर दारातून आत आला आणि त्या पोराने दोन्ही हातांनी पाव तोंडात कोंबायला सुरुवात केली. रडणं नाही, ओरडणं नाही. डोळ्यांतून धारा आणि गाल फुगेस्तोवर पाव. आई खूश. "बघा ना, घरी एक घास खात नाही, इथे कसा जेवतोय." बापाने व्हिडिओ घेतला. बीव्हर मात्र अर्ध्यातून वळला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला.

नंतर फ्लोरा थर्मास उघडत म्हणाली, "त्याला कोणीतरी बुवा सांगितलाय गं. जेव, नाहीतर बुवा येईल. आणि आज आला की खरंच. तो बिचारा जेवून दाखवत होता, मला नेऊ नको म्हणून."

मी घास हातात धरून बसले. बाकी जगातली मुलं बीव्हरला बघून घाबरतात ती आकाराने. आमचीच मुलं अशी, की ज्यांना घरी रोज दोन वेळा बजावलेलं असतं, न जेवणाऱ्याकडे एक केसाळ प्राणी येतो. आणि मग हेच आईबाप त्यांना ऐन जेवणाच्या वेळी, केसाळ प्राण्याच्या वाटेत, उंच खुर्चीत पट्टा लावून बसवतात. इतका बिनडोकपणा शिकून येत नाही, तो अंगातच असावा लागतो.

तेव्हापासून मी प्रत्येक मराठी घराला एक प्रश्न विचारायला लागले. "घरी जेवताना कशाची भीती घालता?" आधी सगळे साळसूद. "छे छे, आम्ही नाही तसलं काही." मी थांबायचे. मग बाई हळूच नवऱ्याकडे बघायची. "आमच्या सासूबाई कधीतरी म्हणतात, बुवा येईल." दोष नेहमी भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंचा. मी पेन उचलून राजकन्यांच्या चहावर खूण करायचे आणि तोंडावर काही दाखवत नसे. मनातल्या मनात मात्र त्या न पाहिलेल्या सासूबाईंना मी काय काय बोलले असेन, ते छापण्यासारखं नाही.

आता इराबद्दल. इरा माझी नात. मुलगा निखिल आणि सून मृण्मयी ओकव्हिलला राहतात, दोघंही तेव्हा टोरोंटोत नोकरीला. पार्क बंद असायचं तेव्हा, म्हणजे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, सोमवार ते गुरुवार निखिल इराला सकाळी माझ्याकडे सोडून जायचा. अडीच वर्षांची पोर, काडीसारखी. जेवायला बसली की घास गालात धरून तासभर खिडकीबाहेरचा स्नो बघायची. मृण्मयीने पुस्तकं वाचली होती. तिचं सांगणं होतं, "आई, प्लीज, जेवताना प्रेशर नाही द्यायचं. नाही खाल्लं तर नाही. फोर्स नका करू." मी मान डोलवायचे. मनात म्हणायचे, पुस्तकं वाचून पोरं वाढत असती तर काय हवं होतं.

आमच्या बेसमेंटमध्ये फर्नेस आहे, घर गरम ठेवणारी भट्टी. थंडीत ती दर थोड्या वेळाने सुरू होते आणि होताना खालून 'धुप्प' असा आवाज येतो, मग गुरगुर. एका दुपारी वरणभाताचा चौथा घास गालात होता आणि खाली धुप्प झालं. इराने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणाले, "ऐकलंस? बुवा उठला. पटकन आ कर."

तिने आ केला. वाटी पाच मिनिटांत संपली. दुसऱ्या दिवशी मी आवाजाची वाटच बघत होते. आठवड्याभरात ती विचारायला लागली, बुवा कसा असतो. मी सांगितलं, मोठा, तपकिरी, अंगभर केस. दात कसे, तर पुढे आलेले, असे. दात मी करून दाखवले. हे सगळं मला सुचलं ते कुठून, हे कळायला अक्कल लागत नाही. मी वर्षातले सहा महिने ज्याच्याकडे बघत होते, तोच मी बेसमेंटमध्ये नेऊन ठेवला होता. पण तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही. इराचं वजन वाढलं. मृण्मयी म्हणाली, "आई, तुमच्याकडे कशी हो जेवते? माझ्याकडे तर नाटकं करते." मी म्हणाले, "माया लागते गं." हे वाक्य मी सुनेच्या डोळ्यांत बघून म्हणाले होते.

जूनमध्ये इराचा तिसरा वाढदिवस. मृण्मयीच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणींनी मुलांना आमच्या पार्कात नेलं होतं, तेव्हापासून तिने त्यांना सांगून ठेवलं होतं, "माझ्या सासूबाईच तिथे असतात, आम्हाला बेस्ट टेबल मिळेल." मी म्हटलं, चार वाजताचा चहा घेऊ. ती म्हणाली, "राजकन्या नकोत आई. मला तिला त्या प्रिन्सेस कल्चरमध्ये नाही ढकलायचं. बीव्हर कसा, कॅनेडियन आहे." यावर मला बोलता आलं असतं. धोक्याचं वय आहे, हे वाक्य मी अकरा वर्षं पाठ म्हणत होते. तो एक प्रश्न मी शेकडो घरांना विचारला होता, तो मृण्मयीला विचारायची गरजच नव्हती, उत्तर माझ्यापाशी होतं. पण मैत्रिणी, बेस्ट टेबल, सासूबाई तिथेच असतात, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. मी बीव्हरचा नाश्ता लिहिला. टेबल दाराजवळचं, पहिलं.

त्या सकाळी मी सुट्टी घेऊन त्यांच्याबरोबर बसले. इराला पिवळा फ्रॉक, उंच खुर्ची, पट्टा. समोर पॅनकेकचे तुकडे, तिने एकाला हात लावला होता. संगीत वाजलं, दार उघडलं आणि बीव्हर आत आला.

इराने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पॅनकेक तोंडात कोंबायला लागली. एक तुकडा, दुसरा, तिसरा, त्यावर स्ट्रॉबेरी. मृण्मयी फोन काढून म्हणाली, "ओ माय गॉड, आई, बघा कशी खातेय." निखिल हसत होता. त्या टेबलावर मला एकटीलाच माहीत होतं ती काय करतेय आणि मी हातात काटा धरून बसून राहिले. उठले असते तर सांगावं लागलं असतं. इराचे गाल फुगले, मग डोळे मोठे झाले आणि तिचा आवाज बंद झाला. तोंड लाल व्हायला लागलं.

आमच्या कुणाच्याही आधी बीव्हर हलला. तो खुर्चीशी गुडघ्यावर बसला, एका पंजाने इराची पाठ पुढे वाकवली, दुसरा तिच्या हनुवटीखाली धरला आणि त्या टोपलीएवढ्या डोक्यातून अलिबागची मराठी आली. "थुंक. थुंकून टाक बाळा. खायचं नाहीये तुला. बुवा गेला. थुंक, सगळं थुंक." पाठीवर दोन थापा बसल्या आणि इराने तो सगळा लगदा त्या पंजात ओकला. मग श्वास घेतला आणि मग रडली. त्या रडण्याइतका चांगला आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

शेजारच्या टेबलावर पाच वर्षांचा एक मुलगा ओरडला, "मॉम, द बीव्हर टॉक्स." त्याच्या बहिणीने भोकाड पसरलं. त्यांची आई ताडकन उठून मॅनेजर कुठे आहे विचारत गेली. तिच्या मुलांचं मॅजिक गेलं होतं. एक पोर गुदमरता गुदमरता वाचली हे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं.

इरा मृण्मयीच्या कडेवर हुंदके देत म्हणत होती, "बुवा टॉक्ड. मम्मा, बुवा टॉक्ड." मृण्मयी तिचे डोळे पुसत हसायला लागली. "तिला बीव्हर म्हणता येत नाहीये. बुवा म्हणतेय. आणि त्या आतल्या बाईपण तेच म्हणाल्या, सो स्वीट." तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो ना."

अर्ध्या तासाने क्रेगच्या ऑफिसात आम्ही फॉर्म भरायला बसलो. फ्लोरा बाहेरच्या बाकावर होती, मानेखाली अजून बीव्हर आणि डोकं मांडीवर. क्रेग वाईट माणूस नव्हता, त्याला तिला ठेवायचं होतं. त्याने मला नीट समजावून सांगितलं. मूल आधीच धोक्यात होतं आणि म्हणून कॅरेक्टर बोललं, असं घरच्यांनी लिहिलं तर सूट लागू होते. पण कॅरेक्टरमुळेच मूल घाबरलं असेल, तर तिने एक नाही, दोन चुका केल्या. फॉर्मवर रकाना होता, मूल का घाबरलं. तिथले फॉर्म माझ्या सवयीचे, म्हणून लिहायला मी बसले होते, सही पालक म्हणून मृण्मयी करणार होती, ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

खरं उत्तर एका ओळीचं होतं. मुलीला घरी जेवताना अशा प्राण्याची भीती घातली जाते, तिने भीतीने तोंडात घास कोंबले. ही ओळ लिहिली असती तर फ्लोराला काही झालं नसतं. मृण्मयीने ती वाचली असती, एवढंच. मग तिने विचारलं असतं, घरी म्हणजे कुणाच्या.

मी लिहिलं, 'मूल व्यवस्थित जेवत होतं. कॅरेक्टर अचानक फार जवळ आलं.' मृण्मयीने वाचलं, म्हणाली, "पण त्यांनी हेल्प केली ना, तेही लिहा." मी खाली लिहिलं, 'नंतर मदत केली.' तिने सही केली. 'नंतर' या शब्दाने फ्लोराची नोकरी गेली.

संध्याकाळी ती लॉकर रिकामा करत होती. मी दारात उभी राहिले. म्हणाले, "फ्लोरा, सून शेजारी बसली होती गं." ती थर्मास पिशवीत ठेवत होती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने विचारलं, "आता काही खाल्लं का तिने?" मी म्हटलं, "नाही, दूधच फक्त." "दोन दिवस दूधच दे. मागे लागू नकोस." मग किल्ली टेबलावर ठेवून ती बसकडे गेली. ट्रेनरची जागा मूसला मिळाली. मी तो सीझन पुरा केला आणि सोडलं. निरोपाला क्रेगने केक आणला आणि माझ्या हातून किती मुलांना मॅजिक मिळालं त्याचं भाषण केलं. मी थँक यू म्हणाले.

गेल्या महिन्यात इराचा सातवा वाढदिवस ओकव्हिलला झाला. मृण्मयीने मैत्रिणींना तो किस्सा पुन्हा सांगितला, ती दरवर्षी सांगते. "शी कुडन्ट से बीव्हर, सो शी केप्ट सेइंग बुवा." सगळ्या हसल्या. मीही हसले, चार वर्षांत मला त्या जागेवर हसायची सवय झाली होती. इरा केकची ताटली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. ती हसत नव्हती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "आय कुड से बीव्हर."

"माहीत आहे मला."

"मम्मा थिंक्स आय कुडन्ट."

"मग तू कधी सांगितलं का नाहीस मम्माला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हे मी विचारायला नको होतं हे कळलं. "यू सेड बुवा टेक्स द किड्स हू टेल."

मी असं म्हणाले होते का, मला आठवत नाही. पण म्हणालेच असणार. ते वाक्य दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नाही. बुवा नसतो हे आता तिला कळतं, तिने शाळेत फर्नेसवर प्रोजेक्टसुद्धा केलंय. तरी तिने चार वर्षं सांगितलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी मृण्मयीला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. फर्नेसचा आवाज, दात, माया लागते म्हणाले ते, फॉर्म. ती हातात ओली ताटली धरून ऐकत होती. मला वाटलं, आता बोलेल. मी त्याच्या तयारीने उभी होते, इतकी वर्षं ज्या सासूबाईंना मी मनात बोलले त्यातलं काहीही ऐकायच्या तयारीने.

ती म्हणाली, "त्या फॉर्मवर सही माझी आहे, आई."

मग तिने ताटली खाली ठेवली आणि विचारलं, "त्या बाईंचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षांत मी विचारलं नव्हतं.